निरोपाची बाटली आणि मामाचं नाक

बाटली मी आडवी ठेवली. गुन्हा माझा, तो आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढं मामाबद्दल बोलायला मी मोकळा.

भारी बाटली आडवी ठेवायची असते, म्हणजे बूच ओलं राहतं, असं मी एका मासिकात वाचलं होतं. ते वाइनबद्दल होतं. स्कॉच उभीच ठेवायची असते. ती इतकी कडक, की बूच तिच्यात भिजत पडलं तर हळूहळू त्याचा भुसा होतो. आमच्या गावच्या शाळेत गांडुळाची पचनसंस्था रंगीत खडूंनी फळाभर काढून शिकवली, पण बुचाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तर घराला लागूनच असलेल्या मामाच्या कारखान्यातलं लोखंडी कपाट आवरताना वार्निशच्या डब्यांमागं उभी असलेली ती बाटली मी मोठ्या जाणकारासारखी आडवी केली आणि विसरून गेलो.

अकरा महिन्यांनी, एका रविवारी सकाळी कपाट उघडलं आणि वासानं डोळ्यांत पाणी आलं. बाटली अर्धी झाली होती. गळालेली अर्धी खालच्या खणात, कापसात, तारेच्या रिळांवर आणि मामाच्या जुन्या पावतीपुस्तकात मुरली होती. खोलीत एखादा दवाखाना जळावा तसा दर्प. मी फडकं घेऊन गुडघ्यांवर बसलो, एवढ्यात मामा आत आला.

आता माझं काही खरं नाही, असं वाटलं. मामाचं नाक सगळ्या गल्लीला माहीत होतं. त्याचा धंदा मोटारी भरायचा. म्हणजे पंप, पंखा, गिरणी, कशाचीही मोटार जळाली की आतली तार काढून नवी गुंडाळायची. दुसरे कारागीर आधी मोटार खोलतात, मीटर लावतात. मामा मोटार हातात घेऊन नुसती नाकाशी न्यायचा आणि सांगायचा, "कॉइल गेली." किंवा, "कॉइल ठणठणीत आहे, बेअरिंग तापलंय. उगाच पैसे घालवू नका." असा माणूस दारात उभा आणि मी स्कॉचच्या थारोळ्यात.

"काय रे, काय सांडलंस?" मामा म्हणाला.

मी फडकं पाठीमागं लपवलं. त्यानं वाकून खणात हात घातला, बोटं ओली झाली, ती सवयीनं नाकाशी नेली. थांबला. पुन्हा नेली.

"पाणी," तो म्हणाला. "छत गळतंय वाटतं." आणि हात पँटला पुसला.

बाहेरून मामी ओरडली, "मेल्यांनो, सकाळी सकाळी काय फोडलंत? घरभर वास सुटलाय!"

मामानं दार लोटून घेतलं आणि स्टुलावर बसला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कुणाच्या खिशात हात घालताना धरला गेलेला माणूस बसावा, तसा बसला होता.

"आठ महिने झाले," तो म्हणाला. "तो ताप आला होता बघ, सर्दी झाली होती. सर्दी गेली, पण वास परत आलाच नाही."

"मग डॉक्टर?"

"दोघांना दाखवलं. एक म्हणतो येईल, एक म्हणतो येईल कदाचित. गोळ्या दोघांच्या सारख्याच."

मला सगळं एकदम आठवलं. हल्ली मामा प्रत्येक मोटार खोलूनच बघायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, मिस्त्री, पूर्वी तर लगेच सांगायचात. मामा म्हणायचा, पूर्वीच्या मोटारी प्रामाणिक होत्या.

मग त्यानं विचारलं, "पण सांडलं काय?"

मी बाटली पुढं केली. त्यानं ती हातात घेतली, उभी धरली, किती उरली ते बघितलं आणि डोळे मिटले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती बाटली कंडक्टरकाकांच्या निरोपाची होती. मामा, कंडक्टरकाका आणि टेलरकाका हे त्रिकूट सव्वीस वर्षांचं. दर तीन महिन्यांनी एका रविवारी चार वाजता कारखान्याचं शटर अर्धं ओढायचं, तिघांत मिळून एक बरी स्कॉच आणायची आणि अंधार पडायच्या आत उठायचं, ही मामीची अट. मला बिलांच्या तक्रारी ऐकायची नोकरी लागून मी मामाकडे राहायला आलो, तेव्हापासून मी चौथा. कोणती आणायची ते मामा ठरवायचा. अरुंद तोंडाचे चार ग्लास त्यानंच शोधून आणले होते, कारण पसरट ग्लासात वास उडून जातो. पाणी घालायचं तर औषधाच्या ड्रॉपरनं, मोजून थेंब. कंडक्टरकाका दर वेळी बर्फ मागायचे आणि दर वेळी शिव्या खायचे.

"अरे, उकडतंय नाकाड्या, दोन खडे टाक."

"मग पंख्याखाली बस. गारठल्यावर तिला वास राहतो का? तू काय सरबत प्यायला आलायस?"

आणि सगळ्यात मोठा नियम असा की मामा वास घेऊन सांगत नाही, तोवर कुणी ग्लास ओठाला लावायचा नाही. मामा डोळे मिटायचा, नाक ग्लासात खुपसायचा आणि सांगायचा. ही गोड आहे, शेरी नावाच्या वाइनच्या पिंपात झोपलेली. ही बेटावरची, हिच्यासाठी जव वाळवताना दलदलीतल्या मातीच्या वाळक्या ढेकळांचा धूर दिलाय. तो सांगायचा आणि मग आम्हाला ते खरंच लागायचं. तो सांगायच्या आधी मला सगळ्या स्कॉचना एकच वास यायचा, इंजेक्शन देण्यापूर्वी दंडावर पुसतात तो.

'नाकाड्या' हे बिरुद मामाला दिलं कंडक्टरकाकांनी. सव्वीस वर्षांपूर्वी मामा त्यांच्या बसमध्ये मागे बसला होता. अचानक उठून म्हणाला, गाडी थांबवा, वायर जळतेय. कुणाला कसला वास येत नव्हता, धूर नव्हता. ड्रायव्हर हसला. पण कंडक्टरकाकांना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी घंटी मारली आणि गाडी रिकामी केली. शेवटची बाई तिची पिशवी घेऊन उतरली आणि बॉनेटखालून जाळ निघाला. काकांनी ही गोष्ट आयुष्यभर जो भेटेल त्याला सांगितली. तिकीट फाडता फाडता सांगितली. मुलीच्या सासरच्यांना पहिल्या भेटीत सांगितली. आता ते निवृत्त होऊन मुलीकडे कायमचे राहायला चालले होते, तिकडच्यांनाही सांगणार होते.

"तो जाईपर्यंत कळू द्यायचं नाही," मामा म्हणाला. "तो गेल्यावर काय व्हायचं ते होऊ दे. पण जाताना त्याच्या मनात माझं नाक जागेवर पाहिजे."

"पण तू सांगणार काय?"

"मागच्या दोन वेळा ओळखीच्याच बाटल्या आणून आठवणीवर भागवलं, पण ही कधी चाखलेली नाही. तू वास घे. मी सांगतो."

मी हसलो. मामा हसला नाही.

आधी बाटलीची सोय. तीच, तशीच बाटली मी शहरातल्या तीन दुकानांत फिरून आणली. त्यात माझा पगार गेला. गेला तर गेला, बूच मीच कुजवलं होतं. नवी बाटली टेलरकाकांकडे उभी ठेवायला दिली. गळकी बाटली आम्ही मलमलीच्या तुकड्यातून गाळून घेतली आणि तिच्यावर आमची शिकवणी सुरू झाली. कामावरून आलो की मामा चहाच्या आधी ग्लास पुढं करायचा.

"हं. काय येतंय?"

"दारूचा वास."

"गाढवा, ते मलाही माहितीये. तिच्या मागं काय आहे?"

"डेटॉल."

"छान! औषधी. पुढं?"

"जळकं."

"काय जळकं? रबर, लाकूड, वार्निश का दूध?"

"जळकं म्हणजे... जळकं."

"तुझ्या आईनं लहानपणी तुला वास दिलेच नाहीत का रे?" असं म्हणून तो उठायचा, एक लाकडाची ढलपी पेटवून विझवायचा, रबराचा तुकडा तापवायचा आणि एकेक माझ्या नाकाखाली धरायचा. स्वतःच्याही नाकाखाली धरायचा, एखाद्या दिवशी काही येईल म्हणून. मग खाली ठेवायचा. त्या क्षणी मी दुसरीकडे बघायला शिकलो.

दोन आठवड्यांत एक पाठ तयार झाला. आधी लाकडाचा धूर, मग दवाखाना, मग खारट वारा, आणि तळाशी, पाण्याचे चार थेंब घातल्यावर, मध. मामानं ते स्वतःच्या शब्दांत बसवलं. खाणाखुणाही ठरल्या, मामानं त्या डोळे किलकिले करून बघायच्या. मी एकदा खोकलो तर धूर, कान खाजवला तर गोड, आणि मान हलवली तर आता पुरे, थांब.

मधल्या काळात एकदा मामीनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "त्यांना वास येत नाही ना?" ती हळू आवाजात म्हणाली. माझा चेहरा बघून तिला उत्तर मिळालं. "दोन महिन्यांपूर्वी दूध उतू जाऊन करपलं, हे शेजारी बसून पेपर वाचत होते. मला माहितीये हे त्यांना कळू देऊ नकोस हं. त्यांना वाईट वाटेल." म्हणजे एकाच घरात एकच गुपित दोन ठिकाणी कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात. जेवताना मामा म्हणायचा, "वा, काय घमघमाट सुटलाय!" मामी म्हणायची, "इश्श." मी खाली मान घालून जेवायचो.

निरोपाचा रविवार आला. शटर अर्धं खाली. कंडक्टरकाका नवा शर्ट घालून आले. कापड टेलरकाकांनी आणलेलं, शिलाईही त्यांचीच, आणि गळ्याला घट्ट.

"निवृत्त झालास तर जाड का झालास?" टेलरकाका म्हणाले.

"माप घेताना डोळे उघडे ठेवत जा, म्हणजे कळेल."

टेलरकाका हसत हसत कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेले, आमच्याकडे पाठ करून बाटली उघडली आणि चार ग्लास भरून आणले. नवं बूच 'टप' असं छान वाजलं. ग्लास वाटताना ते मला बघून डोळा मारत होते. खुशीत आहेत, असं मी समजलो.

"चला," कंडक्टरकाका म्हणाले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून शाळेतल्या पोरासारखे ताठ बसले. "नाकाड्या, शेवटचं सांग. नीट सांग. हे मला तिकडे पुरवायचंय."

मामानं ग्लास उचलला, डोळे मिटले. मी त्याला चिकटून बसलो होतो. माझ्या ग्लासातून धूर येत होता, दवाखाना येत होता, सगळं पाठातल्यासारखं. मग मामाच्या ग्लासाचा वास माझ्याकडे आला. त्यात धूर नव्हता. दवाखाना नव्हता. खारट वारा तर नव्हताच. स्वस्त गोळ्यांच्या पाकासारखा चिकट गोड वास, आणि त्याखाली स्पिरिट. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नाकानं एखादी गोष्ट बरोबर ओळखली होती, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती. ग्लासात भलतंच आहे, यासाठी आम्ही खूणच ठरवली नव्हती.

थांब, एवढं तरी कळवावं म्हणून मी मान हलवायला गेलो. पण सवयीनं मामाचे डोळे गच्च मिटलेले. घाबरून मी श्वास ओढला, थुंकी घशात अडकली आणि मी खोकलो.

मामाचा चेहरा उजळला.

"धूर!" तो म्हणाला. "आहाहा. लाकडाचा, ओल्या लाकडाचा धूर. लांबून येतोय, समुद्रावरून."

मला खोकल्याची उबळच लागली. टेलरकाका माझ्या पाठीवर थापट्या मारायला लागले. मामाला वाटलं, धूर फारच आहे, आणि तो सुटला. धुरामागं दवाखान्याची पायरी आली, धुतलेली फरशी आली, खारट वारा आला. इतकं सुंदर तो कधीच बोलला नव्हता. ड्रॉपरनं चार थेंब घातले, ग्लास फिरवला, पुन्हा नाक खुपसलं. "आणि आता बघा, तळाशी मध. काळसर, जुना मध."

टेलरकाकांचा हात माझ्या पाठीवर तसाच राहिला.

"अरे," ते म्हणाले, आणि थोडं हसले, कुणीतरी आपल्याबरोबर हसावं म्हणून. "अरे, तुझ्या ग्लासात मी नाक्यावरच्या दुकानातली सगळ्यात भिकार टाकलीय. मला वाटलं, तू एका सेकंदात ओळखशील. माझ्या अंगावर ओतशील. हा जाताना एकदा बघेल म्हणून..."

मामानं डोळे उघडले. आधी ग्लासाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या बघण्यात रागाचा लवलेश नव्हता, आणि म्हणूनच मला ते अजून दिसतं.

कंडक्टरकाकांनी हात पुढं करून मामाचा ग्लास घेतला, वास घेतला आणि खाली ठेवला. "धूर आहे की," ते म्हणाले. "बरोबर सांगितलं त्यानं. आहे धूर." ते इतकं वाईट खोटं बोलले की त्यांनी आयुष्यभर विनातिकीट प्रवाशांना पकडलं कसं, असा प्रश्न पडावा.

"नाहीये रे," मामा म्हणाला. "मला काही येतच नाही. आठ महिने झाले."

मग त्या खोलीत जे सुरू झालं, ते मी तक्रारीच्या खिडकीवर रोज ऐकतो. ज्याच्या हातात काही नसतं, तो सल्ले देतो. टेलरकाका म्हणाले, निलगिरीचं तेल. वाफ घे. त्यांच्या मेव्हण्याला कांदा हुंगून फरक पडला होता. मेव्हण्याला झालं काय होतं, तर कान दुखत होता. मध्येच ते स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होते, "मी कशाला शहाणपणा केला!" मामा सगळ्याला "हं" म्हणत होता. हा त्याचा 'हं' मला ओळखीचा. मोटार भरण्यापलीकडे गेली असली आणि गिऱ्हाईक आशेनं बडबडत असलं, की तो असाच 'हं' म्हणतो.

मग कंडक्टरकाका एकदम उसळून म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?"

"तू सगळ्यांना ती बसची गोष्ट सांगतोस."

"मग आता सांगू नको का?"

"सांग की," मामा म्हणाला. "तेव्हा येत होता."

नंतर टेलरकाकांनी मामाला खऱ्या बाटलीतली ओतून दिली आणि आम्ही तिघांनी त्याला सांगायचं ठरवलं. निदान तेवढं तरी. कंडक्टरकाका बराच वेळ हुंगून म्हणाले, "पावसात भिजलेल्या गाडीतल्या मागच्या सीटसारखा." टेलरकाका म्हणाले, "ओल्या लोकरीवर इस्त्री फिरवली की येतो तो." मी पाठ म्हटला, धूर, दवाखाना, खारट वारा, मध. मामानं एक घोट घेतला. जिभेला चटका बसतो, थोडं गोड लागतं, एवढंच त्याला कळतं. हे मला माहीत होतं.

"छान आहे," तो म्हणाला. आम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणाला. त्या दिवशी कंडक्टरकाकांनी बर्फाचे दोन खडे टाकले आणि मामा काहीच बोलला नाही. काकांनी एक घोट घेतला आणि ग्लास बाजूला ठेवून दिला.

उजेड असतानाच सगळे उठले. निघताना काकांनी खोकल्याच्या औषधाची एक रिकामी, स्वच्छ धुतलेली छोटी बाटली खिशातून काढली. तिकडे न्यायला म्हणून आणली होती. तिच्यात उरलेली स्कॉच भरली, झाकण घट्ट लावलं आणि खिशात टाकण्याऐवजी मामाच्या कामाच्या टेबलावर, उभी ठेवली.

"आज तू सांगितलंस ते भलत्याच दारूचं होतं," ते म्हणाले. "माझ्या बाटलीचं सांगायचं राहिलंय. आलं की कळव. फोनवर सांग, पत्र टाक, कसंही. मी थांबतो."

"आणि नाही आलं तर?"

"मी रिकामाच आहे आता," काका म्हणाले, आणि अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर गेले. नवा शर्ट काखेत टरकल्याचा आवाज आम्हाला आत ऐकू आला.

याला पाच महिने झाले. मामा मोटारी खोलून, मीटर लावून बघतो. वेळ लागतो, पण चूक होत नाही. टेलरकाका दर आठवड्याला नवा उपाय घेऊन येतात. छोटी बाटली टेबलावर आहे. मामा सकाळी शटर उघडलं की तिचं झाकण काढतो, नाकाशी धरतो, झाकण लावतो आणि कामाला बसतो.

परवा काकांचा फोन आला. मी उचलला. मामा समोरच होता, मांडीवर पंपाची मोटार, हातात तांब्याची तार. त्यानं हातानं खूण केली. मी म्हणालो, "मामा बाजारात गेलाय, काका."

"बरं बरं," काका म्हणाले. मागं लहान मुलांचा गलका ऐकू येत होता. "घाई नाही म्हणावं. फक्त आठवण करून दे. माझं त्याच्याकडे एक सांगणं बाकी आहे."

"सांगतो," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

"काय म्हणाला?" मामानं विचारलं.

"घाई नाही म्हणाले."

"हं," मामा म्हणाला, आणि तार पुढं गुंडाळायला लागला.